उष्ट्या घासाचा माग

डॉक्टर बिराजदारांनी ‘लिम्फोमा’ हा शब्द उच्चारला तेव्हा शाल्मलीचा हात आपोआप गळ्याकडे गेला. मग कानामागे, मग काखेत. कारखान्यातल्या एका सहकाऱ्याला हाच आजार झाला होता आणि त्याच्या मानेवर लिंबाएवढी गाठ आली होती. तिच्या बोटांना मात्र काहीच लागलं नाही.

“पण मला गाठ कुठंय?” तिनं विचारलं.

“गाठ अशी नाहीच. जठराच्या आतल्या अस्तरावर एक जाडसर चट्टा आहे. त्याचा तुकडा तपासला.”

“जठरात लसिका ग्रंथी असतात?”

“नसतात.”

“मग लिम्फोमा तिथं कसा आला?”

डॉक्टर बिराजदार पोटाच्या विकारांच्या तज्ज्ञ. सांगलीतल्या त्या रुग्णालयात त्यांच्याकडे गर्दी असायची, तरी त्या घाई करत नसत. शाल्मलीचा नवरा हृषीकेश शेजारी बसून मोबाइलवर काहीतरी टिपत होता. त्यालाही थांबायची खूण करून त्या बोलू लागल्या.

“लिम्फोसाइट म्हणजे पांढऱ्या पेशींतले सैनिक. लसिका ग्रंथी या त्यांच्या छावण्या. त्यातला एखादा सैनिक बिघडला आणि स्वतःच्या हजारो नकला काढत सुटला, की लिम्फोमा होतो. बहुतेकदा हे छावणीतच घडतं, म्हणून गळ्यात, काखेत, जांघेत गाठी येतात. पण सैनिक छावणीत बसून थोडेच राहतात? सगळ्या अंगभर फिरत असतात. त्यामुळं साधारण चारातला एक, काही देशांत तर तिनातला एक लिम्फोमा छावणीबाहेरच सुरू होतो. त्वचेत, डोळ्याच्या खोबणीत, थायरॉइडमध्ये, लाळेच्या ग्रंथीत, अगदी मेंदूतसुद्धा. सगळ्यांत जास्त जठरात. आणि तो जिथं होतो तिथल्या साध्या दुखण्याचं सोंग घेतो. डोळ्यात असला तर डोळा आल्यासारखा, त्वचेवर असला तर गजकर्णासारखा. तुमचा पित्तासारखा.”

पित्त शाल्मलीला नवं नव्हतं. मसाल्याच्या कारखान्यात ती चव तपासायची. प्रत्येक घाण्याचा कांदा-लसूण मसाला, प्रत्येक गाडीची मिरची तिच्या जिभेवरून पुढं जायची. छातीत जळजळ झाली की ती थंड दूध प्यायची आणि हा नोकरीचाच भाग आहे असं म्हणायची. आता तिला कळेना, त्यातली किती जळजळ मिरचीची आणि किती या पाहुण्याची.

“घाबरू नका,” डॉक्टर म्हणाल्या. “हा प्रकार संथ असतो. बराच काळ जागा सोडत नाही. आणि याच्यामागं बहुतेकदा एक जंतू असतो. जठरातल्या आम्लातही जगणारा, लहानपणी पोटात आलेला. त्याला हाकलायला सैनिक तिथं जमतात, वर्षानुवर्षं जमतात, आणि जिथं छावणी नव्हती तिथं छावणी होते. मग त्यातला एखादा बिघडतो. जंतू मारला, तर पुष्कळदा ही छावणी आपोआप उठते.”

“म्हणजे कॅन्सर अँटिबायोटिकनं बरा होतो?” हृषीकेशनं अविश्वासानं विचारलं.

“हा होतो. सगळ्यांचा नाही, पण बहुतेकांचा. फक्त आधी ‘माग’ लावू.”

माग हे यंत्र दोनेक वर्षांपूर्वीच सगळ्या जिल्ह्यांत आलं होतं. त्याचं काम दोन पायऱ्यांचं. बिघडलेल्या पेशीला कोण चिथावतंय हे ते आधी ओळखायचं. मग त्या जंतूची जनुकं अक्षर न् अक्षर वाचून त्याचं घराणं शोधायचं. हा जंतू हवेतून येत नाही. तान्हेपणी कुणाच्या तरी तोंडातून बाळाच्या तोंडात येतो आणि मग जन्मभर तिथंच राहतो. राहता राहता ठरावीक वेगानं थोडाथोडा बदलतो. त्यामुळं दोन माणसांच्या पोटातले जंतू शेजारी ठेवले, की ते कधी वेगळे झाले याचा अंदाज बांधता येतो. एकाच घरातले जंतू भावंडांसारखे निघतात. एकाला औषध दिलं आणि घरातल्या बाकीच्यांना नाही, तर जंतू पुन्हा हिंडायला लागतो, विशेषतः लहान मुलांत. म्हणून माग लागला की नियमाप्रमाणं सगळ्या घराला बोलावलं जायचं.

शाल्मलीची आई वासंतीबाई आणि धाकटा भाऊ पुष्कर दोघंही येऊन नमुने देऊन गेले. आठवड्यानं डॉक्टरांनी शाल्मलीला एकटीलाच बोलावलं.

“तुमच्या आईंच्या पोटात जंतू आहे. पुष्करच्याही आहे, आणि तो सरळ आईंकडून आलेला आहे. तुमच्या पोटातही आहे.”

“आईकडूनच ना?”

“नाही. तुमच्या जंतूचं घराणंच वेगळं आहे. आईंच्या जंतूशी त्याचा संबंध नाही.”

“बाबांचा असेल मग.” वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती.

“असू शकतं. पण राज्याच्या जंतुकोशात तुमच्या जंतूचे दोन जुळते नातलग सापडले आहेत. एक बाई आणि त्यांचा मुलगा. दोघं चंद्रपूर जिल्ह्यातले. घड्याळ मागं नेलं, तर तुमचा आणि त्यांचा जंतू वेगळा झाला तेव्हा तुम्ही वर्षाच्या आसपास असणार. म्हणजे तुम्हाला तो त्या घरातनं मिळालाय.”

शाल्मली चंद्रपूरला कधी गेल्याचं तिला आठवत नव्हतं. कोळशाच्या खाणीत वडिलांची पहिली नोकरी तिकडं होती, एवढंच तिनं ऐकलं होतं. तिच्या बाळपणाचे फोटो सांगलीतल्या अंगणातले, आणि सगळ्यांत ती चालायला शिकलेली होती. त्याआधीचा एकही फोटो नव्हता. हे तिला आत्ता, रुग्णालयाच्या जिन्यात पहिल्यांदा जाणवलं.

*

वासंतीबाई शाळेतून निवृत्त झालेल्या. घरात एक नियम त्यांनी कधी मोडू दिला नव्हता : कुणी कुणाचं उष्टं खायचं नाही. एका पेल्यातनं दोघांनी पाणी प्यायचं नाही. ताटात घातलेला चमचा पुन्हा पातेल्यात जायचा नाही. लहानपणी शाल्मलीनं पुष्करच्या कुल्फीला जीभ लावली म्हणून तिला दिवसभर बोलणी खावी लागली होती.

आई स्वयंपाकघरात मेथी निवडत होती. शाल्मलीनं डॉक्टरांचं बोलणं थोडक्यात सांगितलं : तिचा जंतू आईचा नाही, चंद्रपूरकडच्या एका घरातला आहे.

“यंत्रं चुकतात,” वासंतीबाई म्हणाल्या.

“पुष्करला तुझा जंतू आहे. तू त्याला तोंडातला घास दिला असशील, तेव्हाच ना?”

“असेन दिला. लहान होता तो.”

“आणि मी?”

वासंतीबाईंनी मेथीची काडी मोडली, पानं एकीकडं टाकली, पुन्हा दुसरी काडी घेतली.

“आई, मी काय विचारतेय?”

“तू आजारी आहेस. आधी गोळ्या घे. कुठल्या कोण बाईच्या मागं कशाला लागायचं?”

‘बाई’ हा शब्द आईच्या तोंडून निघाला तेव्हा शाल्मली थबकली. तिनं जुळलेल्या नातलगांत बाई आहे हे सांगितलंच नव्हतं. ‘एक घर’ एवढंच म्हणाली होती. तिनं ते बोलून दाखवलं नाही.

पुष्करनं फोनवर थट्टा केली, “ताई, तुला कचराकुंडीतनं आणलंय असं मी म्हणायचो ते खरं निघालं की काय?” आणि लगेच गप्प झाला, कारण पलीकडून हसण्याचा आवाज आला नाही. हृषीकेशलाही मनातून तीच शंका होती. अखेर शाल्मलीनंच रुग्णालयात सांगून स्वतःची आणि आईची जनुकं ताडून घेतली. वासंतीबाई तिची सख्खी आई होती. त्यात तसूभरही संशय नव्हता.

यानं तिचा गोंधळ उलट वाढला. दत्तक असते तर निदान एक सरळ गोष्ट हाती लागली असती. सख्ख्या आईनं एका मुलाला तोंडातला घास दिला आणि दुसरीला दिला नाही. दुसरीला कुणीतरी दिला, आणि त्या घासाबरोबर हा रोग. आपण त्या बाईवर चिडायचं, की आईवर, की कुणावरच नाही, हे तिला ठरवता येईना. गोळ्या सुरू झाल्या होत्या. त्यांनी तोंड कडू पडायचं आणि कारखान्यात मिरची आणि हळद तिला सारखीच लागायची. तिनं रजा टाकली.

दोन्ही बाजूंनी संमती दिली तरच नावं उघडायची, असा जंतुकोशाचा नियम होता. शाल्मलीनं संमती दिली. चंद्रपूरकडून ती आधीच आलेली होती. त्याच दुपारी ती आईकडं असताना फोन आला.

“नमस्कार मॅडम. मी प्रफुल्ल रामटेके. खाणीत क्रेन चालवतो जी. माझ्या नि तुमच्या पोटातला जंतू एकच हाये म्हणते. तुम्ही कोण आहात?”

“तेच मी तुम्हाला विचारणार होते.”

मग तो सावकाश म्हणाला, “माझी बायको मला विचारते, तुमच्या बापाचं दुसरं घर होतं काय. मला तर दोन दिवस झोप नाही आली. बाबा गेले आता. विचारू कोणाला?”

“तुमच्या आईंना नाही विचारलं?”

“तिला काहीच नाही सांगितलं. खाणीच्या शिबिरात आमचे नमुने घेतले, त्यात तिच्या पोटात जंतू नि रोगाची खूण निघाली. रोग वाढला असन म्हणते. डॉक्टर म्हणतात, दुर्बीण टाकून पाहावं लागते, लवकर औषध पाहिजे. माय म्हणते, गॅस हाये, ओवा खाल्ला की जाते. दवाखान्याच्या पायरीवर पाय ठेवत नाही.”

“त्यांचं नाव काय?”

“कौसल्या.”

“कौसल्या?” शाल्मलीनं ते नाव मोठ्यानं उच्चारलं आणि मान वर केली. दारात आई उभी होती. तिनं ते नाव ऐकलं होतं. आणि मग वासंतीबाई चौकटीला धरून हळूहळू खाली, उंबऱ्यावरच बसल्या.

*

“तू झालीस तेव्हा मला झोप येईना,” वासंतीबाई सांगू लागल्या. त्या शाल्मलीकडं बघत नव्हत्या. “तुझ्याकडं बघितलं की वाटायचं, हे बाळ माझं नाही, कुणीतरी आणून ठेवलंय. मग वाटायचं, माझे हातच हिला काहीतरी करतील. उशी दिसली की भीती वाटायची. मी हात पाठीमागं धरून बसायचे. तुझ्या बाबांना सांगितलं, ते म्हणाले, थकली आहेस. त्यांची पाळी खाणीत असायची, दिवसभर घरात तू आणि मी. एक दिवस मी तुला पाळण्यात ठेवलं, बाहेरून कडी लावली आणि रस्त्यावर येऊन बसले. आत तू रडत होतीस. मला उठताच येईना.”

“मग?”

“मागच्या चाळीत डंपर चालवणाऱ्या रामटेक्यांची बायको होती. कौसल्या. तिचा मुलगा तुझ्याहून थोडाच मोठा. तिनं काही विचारलं नाही. कडी काढली, तुला उचललं आणि घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा आली. मग रोजच. संध्याकाळी झोपलेली आणून द्यायची. माझ्यावर औषधं सुरू झाली, तरी बरं वाटायला वर्ष गेलं. तुझा पहिला भात तिच्या घरी झाला. पहिलं पाऊलही.”

“तू मला कधी सांगितलं नाहीस.”

“काय सांगू? इकडं बदली होऊन आलो तर तू महिनाभर दाराशी बसून ‘बाय, बाय’ करून रडायचीस. तिला बाय म्हणायचीस. तुझ्या आजीला वाटायचं, तू टाटा करतेस.” वासंतीबाईंचा आवाज सपाट होता. “माझ्याजवळ यायला तुला किती दिवस लागले माहिती आहे? पुष्करच्या वेळी मी ठरवलं, याला दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायचंच नाही.”

शाल्मलीला आईला जवळ घ्यावंसं वाटलं आणि त्याच वेळी ओरडावंसं वाटलं. ती काहीच न करता उठून मागच्या दारी गेली. तिथंही काय करायचं ते न कळून परत आत आली. आई अजून उंबऱ्यावरच होती.

“उष्टं नको म्हणायचीस, ते याच्यामुळं?” तिनं विचारलं.

“माहीत नाही गं,” वासंतीबाई म्हणाल्या. “खरंच माहीत नाही.”

*

डॉक्टर बिराजदारांनी सांगितलं, की प्रवासाला हरकत नाही. गोळ्यांचा दुसरा फेरा चालू होता, कारण पहिल्या औषधांना जंतू दाद देत नव्हता. “त्या बाईंना दुर्बिणीला तयार करता आलं तर बघा,” त्या म्हणाल्या. “संथ आजार संथच राहील याची खात्री नसते. कधीकधी तो चाल बदलतो.”

प्रफुल्लनं मात्र फोनवर विनवलं. “या तुम्ही. पण मायला हे नका सांगू, की तिच्यापासून तुम्हाला रोग झाला. ते मरून जाईल जी ऐकून. आजवर तिनं कोणाचं वाईट नाही केलं.”

“मग काय सांगू?”

“सांगा, भेटायला आलो. बाकी मी पाहतो.”

शाल्मलीनं कबूल केलं. रेल्वेत बसल्यावर तिच्या लक्षात आलं, की मग या प्रवासाचा उपयोगच काय. खरं लपवलं तर कौसल्याबाई उपचार घेणार नाहीत. खरं सांगितलं तर त्यांचं काळीज फाटेल. नागपूर येईपर्यंत तिनं दोन्ही बाजूंनी पुष्कळ विचार केला आणि जिथून सुरुवात केली होती तिथंच येऊन थांबली. वासंतीबाई खिडकीशी बसून होत्या. त्या स्वतःहून निघाल्या होत्या; त्यांना कुणी चला म्हटलं नव्हतं.

खाणीच्या वसाहतीतलं घर दोन खोल्यांचं, पुढं कवेलूच्या छपराची पडवी. पडवीत चटईवर एक दहा-अकरा महिन्यांची मुलगी रांगत होती आणि तिच्याजवळ एक सडपातळ म्हातारी बाई बसली होती. गालाची हाडं वर आलेली, पण डोळे चपळ. तिनं शाल्मलीकडं नाही, तिच्यामागच्या वासंतीबाईंकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

“सबनीसबाई,” ती म्हणाली. “आता झोप येते काय तुम्हाला?”

वासंतीबाईंनी होकारार्थी मान हलवली.

“आणि हे ते? माही मैना?” कौसल्याबाईंनी शाल्मलीचा हात धरून खाली बसवलं, तोंडावरून हात फिरवला. “केवढी झाली वो! केस पांढरे आले पोट्टीचे.”

शाल्मलीला काहीच आठवेना. तो आवाज, तो हात, पडवीतला वास, कशातच ओळखीचं असं काही नव्हतं. तिनं मनाशी बरीच तयारी केली होती, की काहीतरी आतून उमलेल. काही उमललं नाही. एक परकी बाई आपल्याला कुरवाळते आहे, एवढंच वाटलं आणि तसं वाटल्याची तिला लाज वाटली.

चहा झाला. प्रफुल्लची बायको संगीता हिनं पोहे केले. प्रफुल्ल एकेक विषय काढत राहिला : खाण, उन्हाळा, त्याचा थोरला मुलगा. कौसल्याबाईंनी पोह्यांना हात लावला नाही. “पोटात राहत नाही काही,” त्या सहज म्हणाल्या. “गॅस हाये.”

“तो गॅस नाही, कौसल्या,” वासंतीबाई एकदम म्हणाल्या.

प्रफुल्लनं शाल्मलीकडं पाहिलं. शाल्मलीनं आईचा हात दाबला. पण वासंतीबाई थांबल्या नाहीत. “हिच्याही पोटात तेच आहे. तुझ्या पोटातला जंतू हिच्या पोटात आहे. तू घास चावून भरवायचीस ना, त्यातून गेला. त्याचाच रोग झालाय, हिला आणि तुला. औषध आहे त्याच्यावर. ते तुला घ्यायला पाहिजे.”

कौसल्याबाई उठल्या आणि आतल्या खोलीत गेल्या. दार लोटलं.

“मी काय सांगितलं होतं?” प्रफुल्ल शाल्मलीवर उसळला. “काय सांगितलं होतं मी तुम्हाला? तुम्हाला मोठं केलं तिनं, नि तुम्ही घरात येऊन असं बोलता?”

“मी नाही...” शाल्मली म्हणाली आणि थांबली. आईकडं बोट दाखवणं तिला जमेना. आईचं चुकलं असंही तिला वाटेना, आणि प्रफुल्लचं चुकतंय असंही नाही.

दार उघडलं. कौसल्याबाई उंबऱ्याशी येऊन उभ्या राहिल्या. रडल्या नव्हत्या. त्यांच्या कपाळावर आठ्या होत्या, अवघड हिशेब सोडवताना पडाव्यात तशा.

“मैना, एक सांग मला,” त्या म्हणाल्या. “तू शिकलेली हायेस. तुला तवा दात नव्हते. दूध पचे ना, वरचा भात घशात अडके. सबनीसबाई उठत नव्हत्या. मला दात होते. मी काय कराले पाहिजे होतं?”

त्यांनी टोमणा मारला नव्हता. त्यांना खरंच उत्तर हवं होतं.

“तेच करायला पाहिजे होतं,” शाल्मली शेवटी म्हणाली. “नाहीतर मी नसते.”

“नि रोग?”

“रोग त्याच्यातनंच आला. दोन्ही खरं आहे, बाय. माझं मलाच कळत नाही.”

‘बाय’ हा शब्द तिनं ठरवून वापरला होता, की तो आपसूक निघाला, हे तिला पुढंही कधी सांगता आलं नाही. कौसल्याबाई चटईवर येऊन बसल्या. प्रफुल्लची ती लहानगी मुलगी, आभा, रांगत त्यांच्या मांडीवर चढली आणि सवयीनं त्यांच्या तोंडाकडं बोट नेऊ लागली. आजीच्या तोंडातला घास मागायची ती तिची रीत होती. कौसल्याबाईंनी ते बोट हातात धरलं. मग त्यांनी नातीकडं पाहिलं, शाल्मलीकडं पाहिलं, पुन्हा नातीकडं.

“हिलाही गेला असन काय?”

संगीतानं आभाकडं पाहिलं, मग प्रफुल्लकडं.

“सांगा ना बापा!”

“गेला असला तरी लहान मुलांचा लवकर जातो,” शाल्मली म्हणाली. “पण घरातल्या सगळ्यांनी औषध घेतलं तरच.”

कौसल्याबाईंनी आभाला संगीताच्या कडेवर दिलं. पदरानं स्वतःचं तोंड पुसलं, दोनदा पुसलं. “प्रफुल्ल,” त्या म्हणाल्या, “तो दुर्बीणवाला डॉक्टर केव्हा बसते?”

*

पुढं सगळं सरळ झालं असं नाही. आभाच्या पोटात जंतू निघाला आणि थोड्या औषधानं गेला. प्रफुल्लचाही गेला. शाल्मलीचा दुसऱ्या फेऱ्यात गेला. चट्टा मात्र लगेच हलेना. डॉक्टर बिराजदार म्हणाल्या, छावणी उठायला वेळ लागतो, शत्रू गेल्याची बातमी सैनिकांना उशिरा कळते. पावसाळा संपता संपता दुर्बिणीतून पाहिलं, तर अस्तर गुळगुळीत होऊ लागलं होतं.

कौसल्याबाईंचा जंतू गेला, पण रोग थांबला नाही. काही जणांच्या त्या बिघडलेल्या पेशीत दोन जनुकांची तोडजोड झालेली असते. मग तिला जंतूच्या चिथावणीची गरज उरत नाही, ती आपल्याच बळावर वाढते. त्यांचं तसं होतं. नागपूरला किरणोत्सर्गाचा उपचार घ्यावा लागला. तो संपल्यावर त्यांना भात जाऊ लागला, मऊ आणि थोडा. पुढं काय होईल हे डॉक्टरांनी छातीठोकपणे सांगितलं नाही. शाल्मलीला वाटायचं, एकाच घासाच्या दोन टोकांना दोघी होत्या, आणि आपल्याला सोपं टोक मिळालं. यात न्याय कुठला आणि अन्याय कुठला, हे तिनं हृषीकेशला विचारलं. तो म्हणाला, “तू फार विचार करतेस.” नंतर रात्रीच्या जेवणाला त्यानं स्वतःच भात टाकला, मऊ. तिनं तो सगळा खाल्ला.

हिवाळ्यात जंतुकोशाकडून संदेश आला. ‘आपल्या नमुन्यात जंतू आढळला नाही. आपली जुळणी बंद करण्यात येत आहे. आपले नोंदणीकृत जंतुनातलग : शून्य.’

शाल्मलीनं तो दोनदा वाचला. ही चांगली बातमी होती. हीच तर हवी होती. रक्ताचं नातं नव्हतंच. जे होतं ते एका जंतूचं, आणि तो मेला. ती फोन घेऊन घरभर फिरली. प्रफुल्लला कळवावं का? त्यालाही हाच संदेश आला असणार. मग काय बोलायचं, की आता आपण एकमेकांचे कुणी नाही? आणि चट्ट्याबरोबर आपल्याला नको असलेलंच गेलं, की हवं असलेलंही काही गेलं?

ती आईच्या घरी गेली. पुढचं दार उघडंच होतं. वासंतीबाई मागच्या खोलीत पलंगावर पाय वर घेऊन बसल्या होत्या, कानाला फोन. शाल्मली आल्याचं त्यांना कळलं नाही.

“काहून वो, आज भात कमी गेला?” आई चक्क कौसल्याबाईंच्या बोलीत म्हणत होती. “नाही नाही, मले फसवू नको. ... हो. ... हो. मी तर रोज खातो बाई. ... नाही जी, मैना अजून नाही आली, येईलच. ...”

आणि मग ती हसली. मोठ्यानं, मान मागं टाकून, शाल्मलीनं आजवर न ऐकलेलं हसू. पलीकडून काहीतरी उत्तर आलं असावं, कारण आईनं त्याच बोलीत, त्याच वेगानं पुढं सुरू केलं. त्यातले निम्मे शब्द शाल्मलीला कळत नव्हते. हे दोघींचं कधीपासून चाललंय, कुणी कुणाला आधी फोन केला, हेही तिला ठाऊक नव्हतं.

“कोण, मैना?” म्हणत वासंतीबाई मागं वळल्या. त्यांना दारात मुलगी दिसली. क्षणभर त्या ओशाळल्या. मग त्यांनी फोन तिच्याकडं धरला.

“घे,” त्या म्हणाल्या. “तुझ्याबद्दलच बोलतोय आम्ही.”